आधी एको खाली आणा

कराओके क्लबासाठी व्होकल प्रोसेसर घ्यायला गेलेली मंडळी दुकानदाराला एकच प्रश्न विचारतात, "यात इफेक्ट किती?" शंभर म्हटलं की सौदा पक्का. पुढे वर्षभर वापरात राहतो एकटा एको, तोही भरमसाट.

एको मुळात वाईट नाही, पण तो तालात हवा. मिनिटाला 120 ठोक्यांच्या गाण्यात एक ठोका 500 मिलिसेकंदांचा. डिले 430 वर राहिला तर शब्दाचा प्रत्येक पडसाद ठोक्याच्या अलीकडे पडतो आणि चोख तालात गाणारा माणूस ऐकणाऱ्याला घाईत वाटतो. साठ हजारला ठोक्यांच्या संख्येने भागायचं, एवढंच गणित आहे. तेही नको असेल तर टॅप टेम्पो असलेलं यंत्र घ्या, ट्रॅकबरोबर बटण दाबलं की डिले जागेवर बसतो.

रिव्हर्बचं दुखणं वेगळं. आपली मंगल कार्यालयं म्हणजे गुळगुळीत फरशी, काचा आणि उघड्या भिंती. सभागृह स्वतःच घुमतं. त्यावर तीन सेकंदांचा 'हॉल' चढवला की च, त, स ही अक्षरं गडप होतात आणि उरतात नुसते स्वर. शब्दांवर जीव टाकून लिहिणाऱ्या गीतकारावर हा अन्याय आहे. रिव्हर्ब दीड सेकंदाच्या आत ठेवा आणि प्री-डिले तीसेक मिलिसेकंद द्या, म्हणजे आधी शब्द पोचतो, मागून झळाळी येते.

पैसे घालायचेच तर कॉम्प्रेसर आणि लो-कटवर घाला. मुखड्यात पुटपुटणारा आणि अंतऱ्यात तार सप्तकात कान फाडणारा आवाज कॉम्प्रेसर सावरतो. माईक हाताळल्याची धडधड लो-कट काढतो. ब्लूटूथ स्पीकर मात्र नकोच. त्यात आवाज शंभर-दोनशे मिलिसेकंद उशिरा पोचतो आणि गाणारा स्वतःच्याच आवाजाशी भांडत बसतो.

आणखी एक, पायाने इफेक्ट बंद करायची सोय हवीच. गाणं संपलं तरी निवेदकाचं "नमस्कार, नमस्कार, नमस्कार" श्रोत्यांनी का सोसायचं?

खरेदीला जाताना स्वतःचा माईक न्या. दुकानात एक कडवं गा आणि सोबत्याला दाराशी उभं करा. त्याला प्रत्येक शब्द कळला नाही, तर ते यंत्र घेऊ नका.