तारीख पडते, अपील टाकतात

कोर्टाच्या कागदातले भारदस्त शब्द भाषांतराला मुळीच जड जात नाहीत. जीव घेतात ती चार-दोन किरकोळ क्रियापदं. पडणं, टाकणं, लावणं, उडणं. नांदेडला कोर्टाबाहेर लिंबाखाली टेबल टाकून निजामकाळातले उर्दू कागद मराठीत उतरवून देण्यात माझी हयात गेली, म्हणून हे छातीठोक सांगतो.

1948 च्या सप्टेंबरपर्यंत आमचा मुलूख हैदराबाद संस्थानात. कोर्ट-कचेरीचा कारभार उर्दूत. पुण्याकडं मामलेदार, तर आमच्याकडं तहसीलदार, आणि त्याच्या हाताखाली पेशकार नि गिरदावर. 1918 साली हैदराबादेत उस्मानिया विद्यापीठ उर्दू माध्यमात सुरू झालं, तेव्हा कायदा आणि डॉक्टरकीसुद्धा उर्दूत शिकवायची म्हणून भाषांतराचं एक स्वतंत्र खातंच उघडलं होतं. त्या दरबारी उर्दूचा माल आमच्या शेतकऱ्यांच्या ट्रंकांत अजून पडून आहे. मुन्तखब, मदतमाश, असले इनामाचे कागद. घरात कुणालाच वाचता येत नाही, पण प्लास्टिकच्या पिशवीत घालून, वर दोरा गुंडाळून ठेवलेलं. 2023 साली कुणबी नोंदी शोधायला सरकारनं न्यायमूर्ती शिंदे समिती नेमली आणि उर्दू-मोडी वाचणाऱ्यांना एकदम भाव आला. मला उधार चहा न देणारा हॉटेलवाला ‘सर’ म्हणायला लागला.

कोर्टातले परके शब्द बदलायचे प्रयत्न कमी झाले नाहीत. शिवाजी महाराजांनी राजव्यवहारकोश करवून घेतला, तरी वकील, दावा, जामीन, फिर्याद जागचे हलले नाहीत. पुढं सरकारच्या भाषा संचालनालयानं न्यायव्यवहार कोश काढला. त्यात इंजंक्शनला व्यादेश आहे. शब्द चांगला आहे, वाईट नाही. पण आमचा पक्षकार जिना उतरणाऱ्या वकिलाला विचारतो, “सायेब, स्टे भेटला का?”

तर माझा लातूरचा भाचा. एलएलबी झाला आणि पुण्यात एका कंपनीत लागला. काम काय, तर कॅनडातल्या क्यूबेक प्रांतातले करारनामे तपासायचे. तिथं 1977 पासून फ्रेंचचा कडक कायदा, त्यामुळं याला फ्रेंच आलं पाहिजे. लातूरचं पोरगं, सगळ्याला क्लास लावायची सवय, फ्रेंचलाही लावला. दिवाळीला इंग्रजी शब्दांची यादी घेऊन माझ्यापुढं बसला. “मामा, फ्रेंच शिकायलोय. तुम्ही भाषांतरवाले, जरा बघा.”

मी म्हटलं, “अरे, मला उर्दू येतं. फ्रेंचचा आणि माझा काय संबंध?”

“भाषांतराची खोड तर एकच ना?” पोरगं वकील शोभतं.

यादी बघून मला मौज वाटली. इंग्रजांच्या कोर्टातले निम्मे शब्द मुळात फ्रेंचच. 1066 साली नॉर्मन राजा आला आणि त्यामागोमाग कोर्टात फ्रेंच शिरली. 1362 साली इंग्लंडनं कायदा केला, की लोकांना फ्रेंच कळत नाही, सबब युक्तिवाद इंग्रजीत करावा. तो कायदा लिहिला होता फ्रेंचमध्ये. मराठीचा आग्रह धरणारं इंग्रजी पत्र मीही पाहिलेलं आहे, त्यामुळं मला काही नवल वाटलं नाही. अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टात आजही कामकाजाच्या सुरुवातीला ‘ओये, ओये, ओये’ असा तीनदा पुकारा होतो. म्हणजे जुन्या फ्रेंचमध्ये ‘ऐका’. आमच्या कोर्टाचा शिपाईही दारात येऊन तीनदाच ओरडतो, फक्त आडनावाचं पार भुसकट करतो.

भाच्याला वाटलं, शब्द फ्रेंचच आहेत तर काम सोपं. कसलं सोपं? मॉर्गेज हा शब्द फ्रेंच, अर्थ ‘मेलेलं तारण’. (सावकारीचा अनुभव असलेल्याला हा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.) पण पॅरिसात घर गहाण टाकायला गेलात तर तिथं मॉर्गेज कुणी म्हणत नाही; म्हणतात इपोतेक, आणि तो ग्रीक! माहेरी आलेल्या लेकीला दारातच ‘कोण पायजे?’ विचारावं, तशी गत.

मग क्रियापदं निघाली, आणि इथं मात्र मला फ्रेंच लोक आपले वाटायला लागले. अपिलाला ते जे क्रियापद लावतात त्यात ‘फेकणं’ आहे. आपण अपील टाकतो. तक्रार ते वाहून नेतात. कामकाज संपलं की ते बैठक ‘उचलतात’. आपलं कोर्ट उठतं. त्यांच्या सगळ्यात वरच्या कोर्टाच्या नावातच ‘मोडणं’ आहे, कारण खालचे निकाल मोडणं हेच त्याचं काम.

अडलं ते ‘तारीख पडली’पाशी. भाच्यानं पुढं ढकलण्याचं फ्रेंच क्रियापद काढून दाखवलं. मी म्हटलं, “छे. ढकलायला कुणीतरी लागतो. आपल्याकडं तारीख न्यायाधीश देत नाहीत, वकील मागत नाहीत, ती पडते. लातुरात पाऊस पडायचा राहिला, 2016 ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. तारखा पडायच्या राहिल्या का?”

इतका वेळ माझी बहीण शेजारी शेंगा फोडत बसली होती. तिची बांधाची केस चालू आहे. भाचा शाळेत होता तेव्हापासून चालू आहे. तिनं विचारलं, “आन् वकील लावायला काय म्हनतेत रे तिकडं?”

भाचा म्हणाला, “तिकडं लावत नाहीत आई. वकील घेतात.”

“मग इकडं काय वेगळं हाय?” बहीण म्हणाली. “वकीलच घेतेत.”