पिकअप वाढल्याची खात्री कशी करून घ्यावी

गाडीला बाहेरचा, भारीतला एअर फिल्टर बसवायचं तुमचं ठरलंच असेल, तर अभिनंदन. बसवायला काही अक्कल लागत नाही. एअर बॉक्सच्या क्लिपा उघडा, जुना काढा, नवा ठेवा, क्लिपा लावा. चहा निवायच्या आत काम होतं. खरं कसब पुढे लागतं. पिकअप वाढलाय हे आधी स्वतःला आणि मग पार्किंगमधल्या मंडळींना पटवायचं असतं. प्रस्तुत मार्गदर्शन त्यासाठी आहे.

पूर्वतयारी दोन वर्षं आधीपासून सुरू करावी. या काळात गाडीसोबत आलेला कागदी फिल्टर अजिबात बदलू नका. मेकॅनिकने तो टायरवर आपटून धूळ झटकायला घेतला, तर त्याचा हात धरा. घड्यांमध्ये रस्त्याची माती, सुकलेली पानं, दोन-चार माश्या, जे येईल ते साचू द्या. यामागे शास्त्र आहे. अमेरिकेतल्या ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेने २००९ साली गाड्यांचे फिल्टर मुद्दाम तुंबवून पाहिले. इंजेक्शनवाल्या पेट्रोल गाड्यांच्या ॲव्हरेजमध्ये फरक पडला नाही, कारण हवा कमी आली की कॉम्प्युटर पेट्रोलही तेवढंच कमी सोडतो. पण तुंबलेला फिल्टर बदलल्यावर गाडीला वेग पकडायला ६ ते ११ टक्के कमी वेळ लागला. म्हणजे दोन वर्षं तुंबवलेला फिल्टर काढलात, की पिकअप खरोखर वाढणार. साडेतीनशेच्या नव्या कागदी फिल्टरनेही तो वाढला असता, हा विषय घरात निघू देऊ नका.

आता चाचणी. ती पुण्यात घेऊ नये. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंच आहे, आणि इथली हवा मुंबईपेक्षा पाचेक टक्के विरळ आहे. (पुणेकराला हे मान्य होणार नाही, पण इंजिनाला पत्ता विचारायची सवय नसते.) त्यापेक्षा फिल्टर घेऊन थेट महाबळेश्वरला जा. उंची १३७२ मीटर. तिथे तो बसवा, स्ट्रॉबेरी खा आणि आंबेनळी घाटाने पोलादपूरला उतरा. टर्बो नसलेल्या इंजिनाला खाली पोचेपर्यंत दहा टक्क्यांहून जास्त हवा आपसूक मिळू लागते. महामार्गाला लागून एक्सलेटर दाबलात, की गाडी अशी उसळेल की फिल्टरचे पैसे तिथल्या तिथे वसूल. परत येताना मात्र त्याच घाटाने वर चढू नका. श्रद्धेला तडा जाईल.

घाट उतरणं शक्य नसेल, तर मागच्या सीटवर बसलेल्या मामांना चहासाठी टपरीवर उतरवा. नऊशे किलोच्या गाडीत तुम्ही एकटे आणि सत्तर किलोचे मामा खाली, म्हणजे सुमारे सात टक्के ओझं गेलं. चांगला फिल्टर पायाखालचा पेडल जमिनीला टेकलेला असताना, वरच्या आरपीएमला, फार तर एक-दोन टक्के देतो. मामा त्यापेक्षा पुष्कळ स्वस्तात पडतात.

पेडल जमिनीला टेकवायची अट का, हे कुणी विचारणार नाही. तरीही ठाऊक असावं. एक लिटर पेट्रोल जाळायला सुमारे नऊ हजार लिटर हवा लागते, हे खरं. फिल्टरच्या दुकानात हाच आकडा ऐकवून गिऱ्हाईक गार करतात. पण सिग्नल ते सिग्नल चालवताना हवा फिल्टरपाशी अडत नाही. तिला अडवते ती पुढची थ्रॉटलची झडप, आणि ती तुमच्याच पायाने जवळजवळ मिटलेली असते. खिडकी बोटभर उघडी ठेवायची आणि वारा येत नाही म्हणून डासांची जाळी इंपोर्टेड लावायची, त्यातला प्रकार.

एवढं करूनही काही जाणवलं नाही, तर रामबाण उपाय सांगतो. एअर बॉक्सच काढून टाका आणि मोकळा, मशरूमच्या आकाराचा फिल्टर लावा. त्या कुरूप प्लास्टिकच्या डब्याचं एक मुख्य काम हवेचा आवाज गिळायचं असतं. तो गेला की गाडी अशी गुरगुरते की स्पीडोमीटर चाळीसवर असतानाही तुम्ही सीटला चिकटता. आता हा मशरूम बॉनेटखालची तापलेली हवा ओढतो. तीस अंशांनी गरम हवा म्हणजे नऊ टक्के विरळ हवा, तेव्हा ताकद थोडी उतरलेली असते. पण आवाज इतका आहे की ते कुणाला ऐकू जात नाही.

धुण्याबद्दल दोन शब्द. हे फिल्टर आयुष्यभर धुऊन वापरता येतात, आणि मीही याच वाक्यावर पाच हजार मोजले. कापडी फिल्टर धुवायचा, सावलीत पूर्ण वाळवायचा आणि मग त्याला लाल तेल लावायचं, कारण धूळ त्या तेलात अडकते. तेल कमी पडलं तर बारीक माती थेट पिस्टनच्या रिंगांपर्यंत पोचते. जास्त झालं, तर काही गाड्यांत हवा मोजणारी जी केसाइतकी तार असते, तिच्यावर ते जाऊन बसतं आणि डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागतो. योग्य प्रमाण तेवढं महत्त्वाचं.

मी जुलैत धुतला. गॅलरीत, दोन टॉवेलांच्या मध्ये, चिमट्याने टांगून. तीन दिवस पाऊस हटला नाही, गाडी बिनफिल्टरची खाली उभी. चौथ्या दिवशी बायकोने विचारलं, ‘‘अहो, हे पायपुसणं आत घेऊ का?’’ तोवर वाऱ्याने लाल डाग तिच्या पांढऱ्या ओढणीवर उमटला होता. मग गॅरेजवाल्याला फोन केला. त्याने साडेतीनशेचा कागदी फिल्टर आणला, डब्यातली माती फडक्याने पुसली, क्लिपा लावल्या आणि बॉनेट आपटून म्हणाला, ‘‘आता बघा साहेब, कशी पळते.’’

चांदणी चौकाच्या चढावर तिसऱ्या गिअरमध्ये पेडल दाबला. खोटं कशाला बोलू, पिकअप चांगलाच वाढला होता.