कन्सोल-निर्णयसिंधू

कमळाकरभट्टांनी १६१२ साली ‘निर्णयसिंधू’ सिद्ध केला आणि एकादशी कोणत्या दिवशी धरावी, ग्रहणात काय करावे, अशा शेकडो शंकांची सोय लावून ठेवली. पुढे १७९० मध्ये पंढरपूरच्या काशीनाथशास्त्री उपाध्यायांनी ‘धर्मसिंधू’ रचून तेच काम आणखी सुटसुटीत केले. एक विषय मात्र दोघांच्याही हातून सुटला. नवा गेमिंग कन्सोल बाजारात आला की तो पहिल्याच दिवशी घ्यावा, की थांबावे? यात त्यांना बोल लावण्यात अर्थ नाही, तेव्हा घरात प्लगच नव्हते. ही उणीव आम्ही यथामती भरून काढत आहोत.

प्रथम अधिकारविचार. ज्याच्या घरी आधीचा कन्सोल ठणठणीत चालू आहे, त्यावर सेलमध्ये घेतलेले निम्मे गेम ज्याने अजून उघडलेलेही नाहीत आणि तरीही जो रात्री दीड वाजता नव्या कन्सोलच्या पंख्याचा आवाज किती डेसिबल आहे याचे व्हिडिओ बघतो, तो या व्रताचा मुख्य अधिकारी. ज्याच्याकडे मुळात कन्सोलच नाही, तो डोके शांत ठेवून निर्णय घेऊ शकतो, म्हणून त्याला या ग्रंथाचा उपयोग नाही. वयाची अट नाही. पंचविशीच्या आत पैसे नसतात आणि पस्तिशीनंतर वेळ नसतो, पण कंपनीला यातली पहिलीच अडचण अडचण वाटते.

अधिकाऱ्याची आणखी एक खूण सांगून ठेवतो. ‘घेऊ का रे?’ असे जो विचारतो, त्याचे घ्यायचे ठरलेले असते. त्याला सल्ला नको असतो, साक्षीदार हवा असतो. म्हणून शास्त्रकाराचे काम त्याला थोपवणे हे नसून दोन्ही बाजूंची कारणे व्यवस्थित रचून देणे एवढेच आहे. ज्याने त्याने ती आपापल्या पगाराप्रमाणे उचलावीत.

आता पूर्वपक्ष. हा म्हणतो, थांबा. याच्याकडे पुरावे भरपूर आहेत आणि तो ते चष्मा पुसत सांगतो. पहिल्या खेपेच्या यंत्रात खोट निघते ही गोष्ट या घराण्यात जुन्या पिढ्यांपासून चालत आलेली आहे. निन्टेन्डोचा फॅमिकॉम जपानमध्ये १५ जुलै १९८३ ला आला आणि त्याच्या सुरुवातीच्या संचांतली चिप सदोष निघाली. गेम मध्येच अडकायचे. कंपनीने माल परत घेतला आणि नवा बोर्ड घालून पुन्हा बाजारात आणला. आपल्याकडे नव्वदच्या दशकात ‘मीडिया’ किंवा ‘लिटल मास्टर’ या नावाने जे डबे आले, ज्यांच्या कॅसेटला फुंकर मारून मारून एका पिढीची फुप्फुसे तयार झाली, ती याच फॅमिकॉमची भावकी. तेव्हा मात्र ‘लाँचला घ्यावा का?’ हा पेच आपल्याला पडला नाही. वस्तू दहा वर्षांनी आली, की सगळे दोष आधीच परदेशात उपभोगून झालेले असतात.

पूर्वपक्षाचा खरा हुकमाचा एक्का म्हणजे एक्सबॉक्स ३६०. नोव्हेंबर २००५ मध्ये तो अमेरिकेत आला, सप्टेंबर २००६ मध्ये भारतात. आपल्याकडे जाहिरातीला अक्षय कुमार आणि युवराज सिंग असे दोघे दणकट गडी होते, पण यंत्राची प्रकृती नाजूक. आत ताप वाढायचा, पुढच्या बटणाभोवती तीन लाल दिवे लागायचे आणि खेळ खलास. यावर खेळणाऱ्यांनी एक घरगुती उपाय काढला: आजारी कन्सोल टॉवेलात गुंडाळून तसाच चालू ठेवायचा. आपल्याकडे सर्दी झालेल्या माणसाला वाफारा देतात, त्यातलाच प्रकार. काही रोगी थोडा वेळ उठून बसायचे, मग कायमचे जायचे. शेवटी जुलै २००७ मध्ये मायक्रोसॉफ्टने या दोषापुरती वॉरंटी तीन वर्षांची केली आणि त्यासाठी एक अब्ज डॉलरहून अधिक रकमेची तरतूद केली. पुढे २०२१ मध्ये त्याच लाल दिव्यांचे पोस्टर कंपनीने विकायला काढले. स्वतःच्या फजितीचे पैसे गिऱ्हाइकाकडून दुसऱ्यांदा घेणे, ही सिद्धी फार थोड्यांना साधते.

घाई करणाऱ्याला मिळालेली सगळ्यात सभ्य शिक्षा निन्टेन्डोच्या थ्रीडीएसची. मार्च २०११ मध्ये अमेरिकेत तो २४९.९९ डॉलरला आला आणि ऑगस्टमध्ये १६९.९९ ला मिळू लागला. पाच महिन्यांत ऐंशी डॉलर उतरले. ज्यांनी आधी घेतला होता त्यांना निन्टेन्डोने ‘अँबॅसिडर’ असा किताब दिला आणि वीस जुने गेम फुकट वाटले. रांगेत पहिला उभा राहिल्याबद्दल मिळालेले हे इतिहासातले बहुधा एकमेव राजदूतपद.

इतके ऐकल्यावर कोणीही क्रेडिट कार्ड खिशात ठेवील. पण उत्तरपक्ष अजून बोललेला नाही.

उत्तरपक्ष म्हणतो, थांबणाऱ्याचेही नुकसान होते, फक्त ते सावकाश होते. प्लेस्टेशन ३ चे सुरुवातीचे संच प्लेस्टेशन २ चे गेम चालवायचे. पुढच्या मॉडेलांतून सोनीने ती सोय काढून टाकली. किंमत खाली आली हे खरे, पण सोबत ताटातली वाटीही कमी झाली. आणि ‘कन्सोल जुना झाला की स्वस्त होतो’ हे जे वडीलधारे वचन आहे, त्याला प्लेस्टेशन ५ ने पार खोटे पाडले. फेब्रुवारी २०२१ मध्ये भारतात त्याची डिस्कवाली आवृत्ती ४९,९९० रुपयांना आली. शहाणी माणसे थांबली. नोव्हेंबर २०२२ मध्ये तीच ५४,९९० झाली. पावणेदोन वर्षे संयम पाळला आणि संयमाचे पाच हजार लागले. अमेरिकेतही ऑगस्ट २०२५ मध्ये भाव पन्नास डॉलरने चढला. म्हणजे पाच वर्षांचे यंत्र पहिल्या दिवसापेक्षा महाग. हे सोन्याचे होते हे माहीत होते, फ्लॅटचेही होते. खेळण्याचे पहिल्यांदाच झाले.

दोन्ही पक्ष असे तुल्यबळ ठरल्यावर कालनिर्णयाकडे वळावे लागते, आणि इथे फार बारकाईने पाहिले पाहिजे. जगात ‘लाँच’ होणे आणि आपल्याकडे होणे या दोन वेगळ्या तिथी आहेत. प्लेस्टेशन ५ अमेरिका-जपानमध्ये १२ नोव्हेंबर २०२० ला आला, आठवड्याने इतर बऱ्याच देशांत आला, आपल्याकडे २ फेब्रुवारी २०२१ उजाडावी लागली. (त्याआधी गंमत अशी झाली होती की ‘पीएस ५’ या नावासाठी दिल्लीतल्या एका गृहस्थाने सोनीच्या आधीच ट्रेडमार्कचा अर्ज करून ठेवला होता. बांधकाम सुरू होण्याआधीच सातबाऱ्यावर दुसऱ्याचे नाव. पुढे तो अर्ज मागे घेतला गेला.) आगाऊ नोंदणीचा मुहूर्त होता १२ जानेवारी, दुपारी बारा. हा दिवस राष्ट्रीय युवा दिन म्हणून पाळतात आणि त्या दुपारी देशातला युवक खरोखरच जागृत होता: एका खिडकीत ऑफिसची मीटिंग, कॅमेरा बंद, आवाज बंद, दुसऱ्या खिडकीत ‘नोटिफाय मी’. काही मिनिटांत माल संपला. ज्यांच्या कार्टमध्ये कन्सोल येऊन ओटीपीच्या वाटेवर निसटला, त्यांच्याशी त्या दिवशी कोणी फार बोलायला गेले नाही.

नोंदणी हुकली तर आपद्धर्म म्हणून मुंबईत लॅमिंग्टन रोड आहे. महापालिकेच्या पाटीवर तो भडकमकर मार्ग आहे, पण त्या नावाने विचारले तर कन्सोल मिळत नाही. निन्टेन्डो भारतात अधिकृतपणे विक्री करत नसल्याने स्विच २ सारख्या यंत्रासाठी आपद्धर्म हाच धर्म. ५ जून २०२५ ला तो आला आणि चार दिवसांत जगभर पस्तीस लाखांहून अधिक विकला गेला. त्यातले जे आपल्या गल्ल्यांत पोचले त्यांच्या वॉरंटीविषयी दुकानदाराला विचारले, की तो ‘काही होत नाही’ असे म्हणतो. हे आश्वासन आहे की वॉरंटीची अट, हे त्याच्या चेहऱ्यावरून कळत नाही.

आता द्रव्यशुद्धी. ४९,९९० हा आकडा घरात कधीही एकरकमी उच्चारू नये. पाच वर्षांत विभागला तर दिवसाला सत्तावीस रुपये पडतात, म्हणजे वडापाव आणि थोडी चटणी. हे गणित बिनचूक आहे आणि आजवर त्याने कोणाचेही समाधान झालेले नाही. कारण ऐकणारा विचारतो, ‘मग वडापाव बंद करणार का?’ शिवाय पुढचे खर्च या भागाकारात बसत नाहीत. लाँचच्या वेळी सोनीचा नवा गेम ४,९९९ रुपयांना होता, दुसरा कंट्रोलर ५,९९० ला. एकटा खेळतो म्हणून टीका होऊ नये यासाठी दुसरा कंट्रोलर घेणे भाग असते, आणि तो घेतल्यावर दोघांनी खेळायचा गेम घ्यावा लागतो. मग लक्षात येते की ज्या चित्रासाठी हे सगळे केले ते दाखवण्याची ऐपत भिंतीवरच्या टीव्हीत नाही. इथे थांबावे. टीव्हीचा निर्णयसिंधू वेगळा आहे आणि तो या ग्रंथापेक्षा जाड आहे.

गृहसभेत फार वक्तृत्व लागत नाही. तिथे एकच प्रश्न येतो, आणि तो आई विचारते: ‘आहे तो बिघडलाय का?’ जगभरच्या समीक्षकांनी लाखो शब्द खर्चून जे मांडले नाही, ते या चार शब्दांत आहे. याला ‘हो’ म्हणावे तर तो शेजारच्या खोलीत चालू असतो. ‘बिघडला नाही गं, पण कंपनी आता त्याला सपोर्ट देणार नाही,’ असे सांगून बघावे. पेपरामागून बाबा म्हणतात, ‘आम्हाला तरी कोण देतंय?’ सभा तहकूब.

स्थानविचारही करावा, कारण पुष्कळ लोक तो खोके घरी आल्यावर करतात. प्लेस्टेशन ५ चा पहिला संच उभा केला तर साधारण ३९ सेंटिमीटर उंच आणि वजनाने साडेचार किलो. आपल्याकडचे टीव्ही युनिट सुताराने सेट-टॉप बॉक्सचे माप धरून केलेले असते आणि वरच्या कप्प्यात गणपती, लग्नातली फ्रेम आणि न वाजणारे घड्याळ यांची वहिवाट असते. यंत्र आडवे ठेवावे तर कप्प्यात खोली पुरत नाही. उभे ठेवावे तर पाहुणे विचारतात, ‘वायफाय का?’ हो म्हणावे. किंमत विचारली जात नाही.

आता सिद्धान्त. आम्ही सर्व मते तपासून एकच कसोटी ग्राह्य धरतो: पहिल्या संध्याकाळी तुम्ही जो गेम लावणार आहात, तो आत्ता घरात असलेल्या यंत्रावर चालत नाही ना? ही कसोटी वाटते त्यापेक्षा निर्दय आहे. प्लेस्टेशन ५ सोबत ज्याची सर्वाधिक चर्चा झाली तो माइल्स मोरालेसचा स्पायडरमॅन प्लेस्टेशन ४ वरही मिळत होता. दोन वर्षांनी, नोव्हेंबर २०२२ मध्ये आलेला ‘गॉड ऑफ वॉर रॅग्नरॉक’सुद्धा जुन्यावर चालला. फक्त नव्यावरच चालणारा आणि वेगळे पैसे न मोजता लगेच खेळता येणारा असा हमखास एकच होता, यंत्रासोबत येणारा ‘अॅस्ट्रोज प्लेरूम’. गोड खेळ आहे, कंट्रोलर हातात कसा थरथरतो हे दाखवतो. पन्नास हजारांची थरथर म्हणून घेतला तर तक्रार नाही. साठवण वाढवायला यंत्रात जी खाच होती, तीही सप्टेंबर २०२१ च्या अपडेटपर्यंत कंपनीने बंदच ठेवली होती. भोक होते, परवानगी नव्हती.

उलट बाजूही सांगितली पाहिजे. जुन्यावर चालतो म्हणून जुन्यावरच खेळू, असे म्हणणाऱ्यांनी डिसेंबर २०२० मध्ये ‘सायबरपंक २०७७’ प्लेस्टेशन ४ वर लावला. आठ दिवसांत सोनीने तो आपल्या दुकानातून काढून घेतला आणि पैसे परत दिले. तेव्हा कसोटीतले ‘चालतो’ हे क्रियापद सढळ हाताने वापरू नये.

या कसोटीला गेमचे नाव घेऊन उत्तर देता आले, तर खुशाल घ्यावा, खोट निघाली तर निघाली. नाव आठवायला फोन उघडावा लागला, तर तूर्त थांबावे. नावाऐवजी ‘रे-ट्रेसिंग’ असे उत्तर आले, तर घरातल्यांनी त्या माणसाला थंड पाणी द्यावे.

राहता राहिले उद्यापन. नवा आला की जुन्याचे काय? विकायला काढला तर खरेदीदार घरी येऊन अर्धा तास खेळतो आणि ‘बघून सांगतो’ म्हणतो. म्हणून शिष्टसंमत मार्ग असा की जुना कन्सोल भाच्याला द्यावा. दानाचे पुण्य मिळते, कप्पा रिकामा होतो आणि बहीण दिवाळीत चार माणसांसमोर कौतुक करते. विधी सोपा आहे: यंत्र ओल्या फडक्याने नव्हे, कोरड्या फडक्याने पुसावे, आपले खाते आठवणीने काढावे, वायरी रबरबँड लावून द्याव्यात. भाचा पिशवीत डोकावून बघतो, यंत्र उलटसुलट करतो आणि विचारतो, ‘मामा, यावर जीटीए सहा चालेल?’

तो फक्त नव्यावरच येणार आहे, हे त्यालाही माहीत असते. अशा वेळी शास्त्र सांगते की उत्तर देऊ नये. ‘जेवलास का?’ असे विचारावे आणि आधी पिशवीचा बंद त्याच्या खांद्यावर नीट बसवून द्यावा.