चाकाची कैफियत, मुक्काम फुलंब्री

संभाजीनगरहून अजिंठ्यास जाणारा सुमारे शंभर किलोमीटरांचा रस्ता ज्या वर्षांत चौपदरी होण्याच्या मार्गावर होता, म्हणजे जुना उखडला गेला होता आणि नवा अद्याप अवतीर्ण व्हावयाचा होता, त्या काळात मेव्हण्यांच्या मोटारीतून लेण्यांच्या दर्शनास निघण्याचा योग आला. चौक्याचा घाट सुखरूप पार पडला. परंतु फुलंब्रीच्या अलीकडे, पाण्याने काठोकाठ भरल्यामुळे सर्वथा निरुपद्रवी भासणाऱ्या एका खड्ड्यात पुढले डावे चाक अंतर्धान पावले, आणि पुनश्च प्रकट झाले तेव्हा त्याचा वर्तुळाशी असलेला संबंध बराचसा दुरावलेला होता.

मेव्हणे महसूल खात्यातून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेले. अन्य कोणी अशा समयी कपाळाला हात लावला असता. त्यांनी चश्मा लावला आणि पंचनाम्यास आरंभ केला. खड्ड्याची लांबी-रुंदी पावलांनी मोजून झाली, चतुःसीमा मुकरर झाल्या, आणि पंच म्हणून लगतच्या शेतातून एका गृहस्थांस पाचारण करण्यात आले.

"सकाळपासून ही चौथी गाडी हाये," गृहस्थ बांधावरूनच म्हणाले. "पहिल्या तिघांनी स्टेपनी लावली अन् गेले."

या पूर्वनिर्णयाचा आधार घेऊन आम्हीही स्टेपनी लावली व फुलंब्रीत दाखल झालो.

तेथील पंक्चरवाल्याने चाक पाण्याच्या टाकीत बुडवले. बुडबुडे दोन ठिकाणांहून उठले आणि त्यासरशी चहाच्या टपरीवरील समस्त मंडळी टाकीभोवती जमली. दुरुस्ती की नवी खरेदी, या प्रश्नावर त्या सभेत जी मसलत झाली तीवरून एवढे ध्यानात आले की मत हे चाकाच्या अवस्थेवर नव्हे, तर मत देणाऱ्याच्या अवस्थेवर अवलंबून असते. ज्यांच्या मालकीची मोटार नव्हती ते एकमुखाने नव्या चाकाच्या बाजूचे होते. ज्यांच्यापाशी होती ते हातोडीच्या. एका वयोवृद्ध ट्रॅक्टरमालकांनी तर, आपण उभ्या आयुष्यात चाक बदलले नसून चाकानेच आपल्याला दोनदा बदलले आहे, असे गूढ विधान केले. त्याचा खुलासा विचारण्याचे धैर्य कोणासही झाले नाही.

मेव्हणे दुरुस्तीपक्षाचे कट्टर अनुयायी. "नव्याचा सोस कसा भोवतो, हे याच जिल्ह्याने १३२७ साली पाहिले आहे," ते म्हणाले. "मुहंमद तुघलकाने दिल्लीची डागडुजी करायची सोडून दौलताबादेस राजधानी नवी बसवली. पुढे काय झाले? जुनीच परत लावावी लागली!"

पंक्चरवाल्याने तुघलकाचे प्रकरण शांतपणे ऐकून घेतले आणि ओल्या बोटाने चाकावर दोन जागा दाखवल्या. "साहेब, हा आतल्या काठाचा बेंड. शहरात प्रेसवर निघतो, बॅलन्सिंग केलं की झालं. पण ही बघा चीर, आऱ्याच्या बुडाशी. हिला हात लावू नका."

"आर्गन मारून मिळतो ना?"

"मारणारे मारतात. मी मारत नाही."

त्याचे म्हणणे शास्त्रशुद्ध होते. लोखंडी डिस्क ठोकली तर मुकाट्याने सरळ होते. अलॉयचे अ‍ॅल्युमिनियम मात्र ओतल्यानंतर ठरावीक तापमानाचे संस्कार करून सबळ केलेले असते, आणि वेल्डिंगच्या आचेने नेमके तेच संस्कार सांध्याभोवती पुसले जातात. चीर बुजते, भार सोसण्याची ताकद परत येत नाही. १९८५ पासून वाळूजला दुचाकी आणि २००१ पासून शेंद्र्याला स्कोडाच्या मोटारी ज्या जिल्ह्यात तयार होत आल्या, तेथील रस्त्याकडेच्या कारागिरास धातूचा स्वभाव ठाऊक असावा यात नवल नाही. नवल एवढेच, की घरी चालून आलेले काम त्याने नाकारले आणि टाकीत बुडवण्याचेही पैसे घेतले नाहीत. मेव्हण्यांनी प्रकरणावर 'प्रलंबित' असा तोंडी शेरा मारला, जखमी चाक मागे सामानात ठेवले, आणि आम्ही आळंद, सिल्लोड मागे टाकत, लोखंडी स्टेपनीच्या भरवशावर, बैलगाडीस साजेल अशा वेगाने अजिंठा गाठले.

तेथे सतराव्या लेण्याच्या ओसरीत, डाव्या टोकास, भवचक्राचे चित्र आहे, म्हणजे होते. जुन्या इंग्रज प्रवाशांनी ते राशिचक्र समजून सबंध लेण्यासच ते नाव दिले होते. आज त्याचा तुकडाच उरला आहे. मेव्हणे त्यासमोर खिळून उभे राहिले. "याची दुरुस्ती कोणी काढली नाही?"

वाटाड्याने माहिती पुरवली, की १९२० च्या सुमारास निजाम सरकारने इथल्या चित्रांच्या जतनासाठी इटलीहून लोरेन्झो चेक्कोनी आणि त्यांचे सहकारी ओर्सिनी यांना मोठ्या इतमामाने आणवले होते. त्यांनी सुटणारे रंग घट्ट बसवले खरे, पण त्यासाठी लावलेली लाख पुढे पिवळी पडली, तिच्यावर धूळ बसली, आणि ती काढता काढता पुढच्या पिढ्यांचे पुरातत्त्व खाते जेरीस आले.

"म्हणजे यांनीही आर्गन मारलाच!" मेव्हणे उद्गारले.

फर्दापूरच्या वाहनतळावर परत येताच त्यांनी नव्या चाकाचा भाव विचारण्यासाठी शहरात फोन लावला. तो ऐकून क्षणभर त्यांचा चेहरा पडला, मग आवाज खाली आणून त्यांनी विचारले, "बरं, भंगारात अ‍ॅल्युमिनियम सध्या काय किलो चाललंय?"