माल आणि मोल

सरकारी तक्त्याला डोकं फार असतं. पहिल्या ओळीत कार्यालयाचं नाव, दुसरीत योजनेचं, तिसरीत 'मासिक प्रगती अहवाल', चौथीत उजव्या कोपऱ्यात 'रक्कम रुपये लाखांत', आणि मग कुठे 'अ.क्र.' उगवतो. त्याच्या खाली पुन्हा १, २, ३, ४ अशी स्तंभांची ओळ, कारण सातव्या स्तंभाच्या डोक्यावर 'स्तंभ ५ वजा ६' असं लिहायचं असतं. सगळ्यात शेवटी 'शेरा'. हा स्तंभ रिकामा ठेवण्यासाठीच आखतात. तो कुणी भरलेला दिसला, तर त्या कर्मचाऱ्याची बदली जवळ आली असं समजावं.

माणसाने वाचायचं, सही करायची आणि फायलीला टाचायचं, इथवर हे सगळं ठीक होतं. आता हे तक्ते संगणकाला वाचायला देतात. त्यासाठी पायथन भाषेत पांडाज नावाचं साधन आहे. २००८ मध्ये वेस मॅकिनी यांनी ते अमेरिकेतल्या एका गुंतवणूक कंपनीत काम करताना लिहायला घेतलं. बाजाराचे आकडे जुळवणाऱ्या त्या माणसाला आमच्या साहेबांची मधोमध मथळ्याची आवड माहीत असण्याचं कारण नव्हतं. मथळा मधोमध यावा म्हणून इकडे बाराच्या बारा चौकटी जोडून टाकतात. पांडाज पहिल्या चौकटीला कार्यालयाचं नाव देतं आणि उरलेल्या अकरांचं बारसं 'अननेम्ड १', 'अननेम्ड २' असं उरकतं. लाभार्थी कोण? अननेम्ड चार. निधी किती? अननेम्ड सात. यंत्राने योजनेचं खरं वर्णन करण्याची ही पहिलीच वेळ, असं आमच्या ओळखीच्या एका ग्रामसेवकाचं मत आहे.

स्तंभांची ही नावं धुऊन काढण्याचा एक उतारा जगभर चालतो. कडेच्या मोकळ्या जागा छाटा, मोठी अक्षरं लहान करा, मधल्या जागी खालची रेघ मारा, आणि जे अक्षर नाही, अंक नाही, त्याच्या जागीही रेघच मारा. इंग्रजी नावं यातून आंघोळ करून बाहेर येतात. लातूरच्या बाजारात डेटाचं काम करणाऱ्या आमच्या भाच्याने हाच उतारा मराठी तक्त्यावर चालवला आणि रात्री साडेदहाला फोन केला, "मामा, ह्याला काना-मात्रा अक्षरच वाटंना!"

खरंच वाटत नाही. पायथनच्या नेहमीच्या नियमात क, ख, ग ही अक्षरं. पण काना, वेलांटी, उकार, मात्रा, अनुस्वार आणि पाय मोडण्याची खूण म्हणजे नुसत्या खुणा. त्या दिसल्या की तिथे रेघ. लातूरचं झालं 'ल_त_र' आणि नांदेडचं 'न__द_ड'. नांदेडला एक रेघ जास्त मिळाली. महसूल आयुक्तालय नांदेडला की लातूरला, यावर २००९ पासून दोन्हीकडे किती मोर्चे, किती बंद झाले हे ज्यांना आठवतं, त्यांना या जादा रेघेचं गांभीर्य वेगळं सांगायला नको. चार मुख्यमंत्री देऊन दमलेले हे दोन जिल्हे. रेघांवरूनही त्यांच्यात अन्याय व्हायचाच.

यातून सुखरूप बाहेर येतात ते 'दर', 'वजन', 'गट' असे काना-मात्रा नसलेले, पंक्तीत कडेला बसणारे साधे शब्द. 'पीक' गेलं 'प_क' होऊन. पण खरी कमाल पुढेच आहे. एका हौशी कारकुनाने दोन स्तंभांना 'माल' आणि 'मोल' अशी नावं दिली होती. धुतल्यावर दोन्ही 'म_ल'. शेतकऱ्याच्या मालाला मोल नाही, ही शेतकरी संघटनांची जुनी तक्रार. यंत्राने ती एका ओळीत मिटवली. माल तेच मोल. पांडाजला आता 'म_ल' मागितलं की ते दोन्ही स्तंभ हातावर ठेवतं आणि गप्प बसतं, म्हणजे तेही बाजार समितीत रुळलं.

काही लोक आणखी कडक असतात. ए ते झेड आणि अंक सोडून काहीच ठेवायचं नाही म्हणतात. मग मराठी तक्त्यातलं एकही नाव उरत नाही, सगळे स्तंभ बिनडोक. आर नावाच्या दुसऱ्या भाषेत जॅनिटर म्हणून साधन आहे, ते जरा सभ्य. ते मराठी नाव रोमन लिपीत नेतं, पण प्रत्येक उघड्या अक्षराला शेवटी 'ए' चिकटवतं. लातूरचं लातुरा, भावचं भावा. सोयाबीनचा भाव विचारा, यंत्र 'भावा' म्हणून खांद्यावर हात टाकतं. आडतेही तेच करतात.

शेतकऱ्याचे हाल तर अक्षरापासून सुरू होतात. 'शेतकऱ्याचे नाव' यातला अर्धा र दोन तऱ्हांनी टाइप होतो. एकात वेगळा ऱ लागतो, दुसऱ्यात साधा र, पाय मोडणं आणि एक अदृश्य जोडखूण. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे. यंत्राला मात्र ते दोन वेगळे स्तंभ. घाईत कुणी 'शेतकर्याचे' लिहिलं की तिसरा. तालुक्यातालुक्यातून आलेल्या फायली एकाखाली एक लावल्या की एकाच माणसाची जमीन तीन स्तंभांत वाटली जाते, आणि तीही भावकीचा वाद न होता.

केंद्राकडे तरी नीट असेल म्हणावं, तर देशातल्या बाजार समित्यांचे रोजचे भाव सरकारच्या खुल्या विदा संकेतस्थळावर मिळतात आणि त्यात किमान दराच्या स्तंभाचं नाव आहे 'मिन_एक्स००२०_प्राइस'. एक्सएमएल पद्धतीत नावात मोकळी जागा चालत नाही. म्हणून दोन शब्दांमधल्या जागेचा सांकेतिक क्रमांक तिथे ठोकला. मोकळा प्लॉट दिसला की सात अक्षरांची टपरी. ती कुणी काढलेली नाही. देशभरातली पोरं तिला वळसा घालून आपापला कोड लिहितात.

याच फायलीत तिसरा आकडा 'मोडल' दराचा. ज्या भावाने जास्तीत जास्त माल गेला तो. राज्याचं पणन मंडळ त्याला 'सर्वसाधारण दर' म्हणतं. हातात पट्टी घेऊन, हमाली-तोलाई वजा करून उभ्या असलेल्या माणसाला हा सर्वसाधारण इसम कोण, हे अजून कळलेलं नाही. आणि नावं कितीही धुवा, हमीभावाचा स्तंभ त्या फायलीत नाहीच. २०२४ च्या खरिपात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता. लातूरच्या सौद्यात भाव त्याच्या खालीच घुटमळत राहिला. पुढच्या वर्षी हमीभाव ५,३२८ झाला. स्तंभच नाही म्हटल्यावर वजाबाकी करायची कशातून? 'शून्याने भागता येत नाही' म्हणून यंत्र निदान ओरडतं तरी. इथे ओरडायलाही जागा ठेवलेली नाही.

नावं बदलण्यात मराठवाडा तसा यंत्राच्या पुढे आहे. २०२३ मध्ये उस्मानाबादचं धाराशिव झालं. २०११ च्या जनगणनेचा तक्ता नव्या तक्त्याला जोडायला गेलं की तो जिल्हा दोन्हीकडून गायब. लातूर १९८२ साली वेगळा झाला. त्याआधीचं लातूर उस्मानाबादच्या आकड्यांत मिसळलेलं. जनगणनेने बीडला 'बिड' करून ठेवलंय आणि नायगावला कंसात खैरगाव जोडलाय. कंस उडवणारा कोड चालवला की खैरगाव गेलं. गावकऱ्यांना कळलेलं नाही म्हणून बरं.

शेवटी भाच्याने सगळे उतारे सोडले आणि वही काढली. डावीकडे जुनं नाव, उजवीकडे नवं; तीनही शेतकरी एका ओळीत. कुठल्या 'रक्कम'मध्ये हमाली धरली आहे आणि कुठल्यात नाही, हे यंत्राला, भाच्याला आणि साहेबांना ठाऊक नव्हतं. ते होतं फक्त कंत्राटावरच्या एका जुन्या कारकुनाला. त्याचं कंत्राट मार्चअखेर संपणार होतं, म्हणून फेब्रुवारीत घाईघाईने त्याला चहा पाजून पंच्याऐंशी नावांचा निकाल लावला. 'शेतकरी_नाव', 'किमान_दर', 'कमाल_दर', सगळं शिस्तीत. एकही काना न गमावता.

छापील प्रत साहेबांकडे गेली. त्यांनी प्रत्येक नावातल्या रेघेला लाल पेनाने गोल केला आणि खाली लिहिलं, 'शब्दांमध्ये रेघा कशासाठी? जागा सोडून लिहावे व फेरसादर करावे.'

भाच्याने जागा सोडल्या. फाइल दिल्लीला गेली आहे.