पापणी लवू द्यायची नाही

आमच्या साडूभाऊंकडे जेवायला जायचं म्हणजे जेवणाआधी घाबरावं लागतं. पंक्तीत जिलबीचा आग्रह करणारे यजमान असतात ना, त्यांच्यातलेच हे. फक्त यांचा आग्रह दचकण्याचा. त्यासाठी पदार्थही ठरलेला आहे: 'डॉक्टर हू' या ब्रिटिश मालिकेतला 'ब्लिंक' नावाचा भाग. 9 जून 2007 रोजी बीबीसीने तो पहिल्यांदा दाखवला आणि पुढची जबाबदारी साडूभाऊंनी घेतली. व्याह्यांना दाखवला, सोसायटीच्या सेक्रेटरींना दाखवला. शेगडी दुरुस्त करायला आलेल्या मुलालासुद्धा सुरुवातीची दहा मिनिटं बसवून ठेवलं होतं.

तयारी मोठी असते. पडदे ओढायचे, दाराची बेल बंद करायची, पंखा दोनवर आणायचा, कारण पाचवर तो खडखडतो. आतून मेव्हणी विचारते, "अहो, कुकर लावू का?" त्यावर "पाऊण तास थांब" हे उत्तर. एकदा ती थांबली नाही आणि ऐन मोक्यावर शिट्टी झाली. सगळे ताडकन उडाले. पण ते दचकणं साडूभाऊंनी धरलं नाही. "ते कुकरचं होतं," म्हणाले आणि तेवढा भाग पुन्हा लावला.

मग प्रस्तावना. "गोष्ट सांगत नाही हं, मजा जाईल," असं म्हणून गोष्ट सांगायला घ्यायची. मालिका 23 नोव्हेंबर 1963ला सुरू झाली, आणि पहिल्या भागाचा दिग्दर्शक वारिस हुसेन, जन्म लखनौचा. "म्हणजे आपलाच माणूस की!" डॉक्टर हा परग्रहावरचा, काळातून हिंडणारा, त्याचं यान बाहेरून निळ्या पोलीस बॉक्ससारखं. पण या भागात डॉक्टर जेमतेम दिसतो. त्या नटाला दुसऱ्या भागाच्या चित्रीकरणाला मोकळं ठेवायचं होतं. सगळा भार सॅली स्पॅरो नावाच्या मुलीवर. ते काम करणारी कॅरी मलिगन तेव्हा अगदी नवीन होती. "मी तेव्हाच म्हणालो होतो, पोरगी पुढे जाणार." हे म्हणताना त्यांना कोणी ऐकलेलं नाही.

ओसाड बंगला, सोललेल्या वॉलपेपरखाली सॅलीच्याच नावाने लिहिलेला इशारा, आणि तळव्यांनी डोळे झाकून उभे असलेले दगडी देवदूत. पाहत राहाल तोवर दगड. पापणी लवली की ते तुमच्या दिशेने सरकलेच. "एक थेंब रक्त नाही!" साडूभाऊ माझ्या गुडघ्यावर थाप मारतात. "आणि अख्ख्या भागात एकही पुतळा आपल्या डोळ्यांदेखत हलत नाही. का? तर आपणही बघतोय ना!" लेखक स्टीव्हन मॉफटला या भागासाठी 2008 साली ह्यूगो पुरस्कार मिळाला, हे ते घरातल्या कोणाला मिळाल्यासारखं सांगतात.

आता यातली गोम अशी, की साडूभाऊ स्वतः टीव्ही बघतच नाहीत. त्यांची खुर्ची टीव्हीच्या शेजारी, तोंड आमच्याकडे. प्रत्येक वाक्य पाठ असल्यामुळे त्यांना घाबरायला पुरेसं काही उरलेलं नाही. आता त्यांना भीती हवी ती ताजी, दुसऱ्याच्या चेहऱ्यावरची. कोणी चिवड्याकडे हात नेला की "मागे घेतो जरा." जांभई दिली तर "कंटाळलात का?" आपण पडद्याकडे बघतोय आणि एक गृहस्थ पापणी न लवता आपल्याकडे बघतोय, अशा वेळी हलायची टाप नसते. पुतळ्यांची बाजू मला प्रथम तिथेच कळली.

त्यांची स्वतःची पहिली भीती मात्र अस्सल होती. नवीन लग्न, आहेरात आलेली प्लास्टर ऑफ पॅरिसची परी शोकेसमध्ये. रात्री एकट्याने लॅपटॉपवर 'ब्लिंक' पाहिला, तोंडाला कोरड पडली. पाणी प्यायला उठले तर परी बघतेय. तिला भिंतीकडे तोंड करून ठेवलं आणि दिवा लावून झोपले. सकाळी दात घासत बाहेर आले, तर परीचं तोंड पुन्हा यांच्याकडे. ब्रश तोंडातच. "अहो, पुसायला काढली होती," मेव्हणी आतून म्हणाली. परी आता माळ्यावर आहे, जुन्या धोतरात गुंडाळलेली.

भागाच्या शेवटी मॉफटसाहेबांनी आणखी एक खोडी काढली आहे. रस्त्यांवरचे, इमारतींवरचे नेहमीचे पुतळे एकामागून एक दाखवलेत, म्हणजे घरी जाताना तुमची पंचाईत. हे ब्रिटनमध्ये ठीक आहे हो, पुण्यात माणसाने जायचं कुठून? एकदा रात्री सिग्नल हिरवा झाला तरी साडूभाऊंची स्कूटर हलेना, मागून हॉर्नवर हॉर्न. कोणाच्या पुतळ्याकडे बघत होते ते लिहीत नाही, उगाच मोर्चा यायचा.

या सगळ्यात त्यांना पुरून उरल्या त्या फक्त सासूबाई. पुतळ्यांचा नियम समजावून सांगितल्यावर म्हणाल्या, "मग एका वेळी एकच डोळा मिटावा." साडूभाऊ गप्प. हे देवदूत माणसाला मारत नाहीत, स्पर्श करून भूतकाळात टाकतात; सॅलीची मैत्रीण कॅथी अशी 1920 सालच्या हल गावात जाऊन पडते. तिथे तिचं लग्न होतं, मुलंबाळं होतात. "म्हणजे पोरीचा संसार झाला की," सासूबाई म्हणाल्या. "मग भ्यायचं कशाला?"

पण एक गोष्ट मी पाहून ठेवली आहे. बिली नावाचा तरणाताठा पोलीस सॅलीचा फोन नंबर घेतो आणि पुतळ्यांच्या तावडीत सापडून 1969 सालात जातो. थोड्याच वेळाने सॅली त्याला भेटते ती इस्पितळात. तो म्हातारा झालेला, खाटेवर, बाहेर पाऊस. पाऊस थांबेपर्यंतच आपण आहोत हे त्याला ठाऊक असतं. हा प्रसंग जवळ आला की साडूभाऊ उठतात. "पाणी आणतो." पाण्याचा तांब्या समोर टीपॉयवर भरलेला असतो. आत नळ बराच वेळ वाहतो आणि ते येतात तेव्हा हातात भांडं नसतं. खुर्चीत बसताच, "बघितलंत? आता तळघर येतंय!"

शेवट मी सांगणार नाही. साडूभाऊ हे मासिक घेतात.

गेल्या खेपेला जेवणं झाल्यावर त्यांनी पुढचा बेत जाहीर केला. पुढच्या वेळी 'मिडनाइट', 2008चा. "त्यात तर राक्षस दिसतच नाही! एका बंद गाडीत माणसं अडकलीत, आणि एक बाई सगळ्यांचं बोलणं जसंच्या तसं म्हणून दाखवते. नुसतं बोलणं!" मुलीने "बाबा, पुरे ना" म्हणून पाहिलं. सासूबाईंनी सुपारी कातरता कातरता वर बघितलं.

"जावईबापू," त्या म्हणाल्या, "त्यात तरी काही हलतं का?"