ट्रॅकवरून परतलेल्या ट्रकचे स्टेअरिंग जड झाल्यास: सुपा व पंचक्रोशीसाठी मार्गदर्शिका

ही मार्गदर्शिका सुपा, वाघुंडे, पळवे, जातेगाव परिसरातील मालक, चालक, क्लीनर आणि काम नसताना उभे राहणारे सल्लागार यांच्यासाठी आहे. शेवटच्या वर्गाने ती विशेष लक्ष देऊन वाचावी, कारण गाडी बाजूला लागली की निदान त्यांच्याकडूनच होते.

आधी ट्रॅकचे बघू. सरकारी ट्रॅक नगरजवळ वाहननगरला, संरक्षण खात्याच्या व्हीआरडीईत आहे. तिथे लष्कराच्या गाड्यांची परीक्षा होते, कंपन्यांच्या नव्या गाड्याही तपासल्या जातात. तुम्हाआम्हाला गेटवरूनच रामराम. ट्रकच्या शर्यतीचा ट्रॅक हवा असेल तर ग्रेटर नोएडाला जावे लागेल. तिथल्या बुद्ध सर्किटवर 2014 च्या मार्चमध्ये टाटांनी प्रायमा ट्रकची शर्यत भरवली आणि 2016 मध्ये तीत आपले देशी ट्रकचालकही उतरले. पण सुप्याहून तिथवर रिकामी गाडी न्यायची तर डिझेलचा हिशेब शेठला कोण देणार? म्हणून या मार्गदर्शिकेपुरता ट्रॅक म्हणजे नगर-पुणे रस्ता. कामरगाव घाटाची वळणे, शिफ्ट सुटताना सुप्याचा चौक, आणि सर्वांत कठीण टप्पा म्हणजे एमआयडीसीतल्या कंपनीत भरलेली बारा चाकी मागे घेऊन डॉकला लावणे. शर्यतवाल्यांना निदान रिव्हर्स तरी घ्यावा लागत नाही.

ट्रॅक कोणताही असो, तेल तापते. शर्यतीत इंजिनाचे आरपीएम चढलेले असतात, पंप गरजेपेक्षा जास्त तेल ढकलतो आणि ते तेल आतल्या आत फिरून तापते. डॉकवर कारण वेगळे असते. गाडी जागच्या जागी, पुढच्या चाकांवरही भार, आणि खाली उभा क्लीनर ओरडत असतो, “काट, काट, अजून काट!” चाक टोकाला जाऊन टेकलेले असते, स्टेअरिंग बॉक्समधून शीळ ऐकू येते, तरी तो म्हणतो काट. ती शीळ म्हणजे दाबाचा व्हॉल्व्ह उघडल्याची खूण. स्टेअरिंग फुल्ल काटून चार-पाच सेकंदांपेक्षा जास्त धरू नये. क्लीनरला मात्र हे आजवर कोणी सांगितलेले नाही.

आता निदान. रूढ पद्धतीनुसार पहिली पायरी म्हणजे आधी माणूस शोधणे, पार्ट नंतर.

“शेठ, मी गाडी ताब्यात घेतली तेव्हाच जड होती.”

“काल तर एका बोटानं फिरत होती!”

हा संवाद पूर्ण होऊ द्यावा. तेवढ्यात तेल थोडे निवते आणि स्टेअरिंग किंचित हलके झाल्यासारखे वाटते. त्यावरून दोन्ही पक्ष आपलेच खरे ठरवतात.

दुसऱ्या पायरीला सल्लागार जमतात. पहिला आलेला न वाकता सांगतो, “पंप गेला.” दुसरा म्हणतो, “बॉक्स गेला.” स्वस्त वस्तू गेली असे आजपर्यंत कोणत्याही सल्लागाराने सांगितल्याचे ऐकिवात नाही. तेल कमी झाले असेल, फिल्टर तुंबला असेल, पुढच्या टायरमध्ये हवा नसेल, असे म्हणणाऱ्याला त्या घोळक्यात मान नाही. मिस्त्रीही बिचारा माणूसच. चार जण पंप म्हणत असताना त्याने हवा तपासली तर त्याची मिस्त्रीगिरी धोक्यात येते.

अशा वेळी चालकाने चहाच्या निमित्ताने घोळका टपरीकडे वळवावा आणि पुढील गोष्टी चोरून करून घ्याव्यात.

पुढच्या दोन्ही टायरची हवा बघावी. मग गाडीखाली वाकावे. इथे सुप्याचा मोठा फायदा आहे. ज्या वाऱ्यावर आपल्या डोंगरावरच्या पवनचक्क्या फिरतात तोच वारा गाडीच्या पोटाला धुळीचा लेप देतो. कोरड्या लेपात जिथे काळा, ओला पट्टा उठून दिसतो तिथे गळती आहे. पाइपच्या दाबलेल्या टोकापाशी, ड्रॉप आर्मच्या सीलपाशी, पंपाच्या तोंडाशी बोट फिरवावे. गळती कुठेच नाही आणि तेल मात्र रोज उतरते, असे असेल तर इंजिनाची डिपस्टिक काढा. गिअरवर चालणाऱ्या पंपाचे शाफ्टचे सील गेले की स्टेअरिंगचे तेल गुपचूप इंजिनात जाते. अशा गाडीचे इंजिन ऑईल वाढते आणि मालक खूश होतो.

स्टेअरिंगच्या टाकीतले तेल फडक्यावर घ्यावे. फेस असेल तर आत हवा गेली आहे आणि पंपाचे रडणे त्याचेच आहे. काळे आणि करपलेल्या वासाचे असेल तर ते तापून संपले आहे. त्यात नवे ओतू नका, सगळे काढून फिल्टरसकट बदला. भरताना कंपनीने सांगितलेलेच तेल भरावे. ब्रेक ऑईल ओतणाऱ्याला सल्लागारांच्या अध्यक्षपदी बसवावे, कारण त्याने रबराची सगळी सीलं फुगून फुकट जातात.

एवढे करूनही जड असेल तर पुढचा अ‍ॅक्सल जॅकवर घेऊन ड्रॅग लिंक सोडवा. चाके हाताने जड फिरत असतील तर किंग पिन ग्रीसवाचून सुकली आहे, पंपाचा काही संबंध नाही. एकाच बाजूला जड असेल तर बॉक्सकडे बघा. थंड असताना ठीक आणि गरम झाल्यावर जड असेल तर पंप झिजलाय की बॉक्स आतून तेल सोडतोय, हे दाबाचे गेज लावल्याशिवाय ब्रह्मदेवालाही कळत नाही. गेजचा कॉक बंद केल्यावर पाच सेकंदांत दाब ठरलेल्या आकड्यापर्यंत चढला तर पंप निर्दोष. कॉक त्याहून जास्त वेळ बंद ठेवलात, तर पंप निर्दोष राहणार नाही.

तेलातली हवा काढायची तर अ‍ॅक्सल जॅकवरच असू द्या. इंजिन बंद ठेवून स्टेअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश फिरवा, टाकीतले बुडबुडे थांबेपर्यंत तेल भरत राहा, मगच स्टार्टर मारा.

थोडा इतिहास, टपरीवर उपयोगी पडेल म्हणून. पॉवर स्टेअरिंगचे पहिले यशस्वी प्रात्यक्षिक 1926 च्या सुमारास अमेरिकेत फ्रान्सिस डेव्हिस या इंजिनिअरने दाखवले. तो पिअर्स-अ‍ॅरो कंपनीत ट्रकच्या विभागात होता. बाजारातल्या मोटारीत ते यायला 1951 उजाडले. म्हणजे ट्रकच्या विभागातल्या माणसाने शोधलेले सुख मोटारवाल्यांपर्यंत पोचायला बरीच वर्षे लागली. यावर टपरीवर अर्धा तास सहज निघतो.

आणि एक. पॉवर गेली तरी स्टेअरिंगचा चाकांशी असलेला सांधा तुटत नाही, ते फक्त कमालीचे जड होते. त्या अवस्थेत घाट उतरायची मर्दुमकी करू नका. गाडी बाजूला घ्या, उताराच्या बाजूने चाकांना दगड लावा. टाकीचे झाकण उघडण्याआधी भोवतीची धूळ फडक्याने पुसा. ती चिमूटभर जरी आत गेली तरी थोड्याच दिवसांत पंप खरोखरच जातो आणि पहिला सल्लागार बरोबर ठरतो.